एकोणचाळिसावे प्रकरण

माझ्या टेबलावर ‘ब्लॅक ब्यूटी’च्या दोन प्रती आहेत. एक पुण्याच्या आप्पा बळवंत चौकातल्या पदपथावर भाचीच्या मुलीसाठी घेतली होती. पाने चौसष्ट, गुळगुळीत कागद, पानागणिक रंगीत चित्र. दुसरी नंतर जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडली. पिवळट कागद, बारीक टाइप, पाठीचा डिंक सुटत आलेला, चित्र एकही नाही. दोन्ही पेपरबॅक आणि दोन्ही शंभर रुपयांच्या आतल्या. दोन्हींवर लेखिकेचे नाव एकच : अ‍ॅना स्यूएल. कादंबरीचे नावही तेच.

मी इंग्रजीचा अभ्यासक नाही. शाळा संपल्यावर आयटीआय केले, कारखान्यात नोकरी केली. इंग्रजी वाचायला शिकलो ते शब्दकोश शेजारी ठेवून. त्यामुळे वाचन हळू होते, आणि हळू वाचणाऱ्याला एक फायदा मिळतो : काय गाळले आहे ते त्याच्या लक्षात येते. दोन्ही प्रती शेजारी ठेवून मी प्रकरणे मोजली. मूळ कादंबरीचे चार भाग आहेत आणि एकूण प्रकरणे एकोणपन्नास. चौसष्ट पानी प्रतीत त्यांची बारा झाली आहेत. संक्षेप म्हटला की कापाकाप आलीच, त्याबद्दल तक्रार नाही. पण काय कापले आणि काय ठेवले हे पाहत गेलो, तेव्हा या पुस्तकाच्या दीडशे वर्षांच्या प्रवासातली एक गाठ हाती लागली. ती गाठ एकोणचाळिसाव्या प्रकरणात आहे. तिथे पोचण्याआधी पुस्तक कसे आणि कोणासाठी लिहिले गेले ते सांगायला हवे.

मुलांसाठी नसलेले पुस्तक

अ‍ॅना स्यूएलचा जन्म ३० मार्च १८२० रोजी इंग्लंडच्या नॉरफक परगण्यातल्या ग्रेट यार्मथ गावी झाला. घर क्वेकर पंथाचे, साधे आणि काटकसरी. चौदाव्या वर्षी शाळेतून घरी येताना ती पावसात घसरून पडली आणि तिचा घोटा दुखावला. तो कधीच नीट बरा झाला नाही. पुढच्या आयुष्यात तिला फार चालता येत नसे, उभे राहणेही अवघड जाई. बाहेर पडायचे तर तट्टाच्या गाडीतूनच. वडिलांची बँकेत नोकरी होती. त्यांना स्टेशनवर नेण्या-आणण्याचे काम ती स्वतः गाडी हाकून करी. ज्याचे पाय गेले आहेत त्याला दुसऱ्याच्या पायांची किंमत कळते, असे काहीसे तिच्या बाबतीत झाले असावे.

आई मेरी स्यूएल ही लेखिका होती. कष्टकरी घरांत वाचली जावीत अशी सोपी कथागीते ती लिहीत असे. तिचे ‘मदर्स लास्ट वर्ड्स’ हे कथागीत लाखांच्या संख्येने खपले. आईचे लेखन वाचून त्यावर शेरे मारण्याचे काम अ‍ॅनाकडे असे. म्हणजे तिची लेखनाची तालीम झाली ती कमी शिकलेल्या, दिवसभर राबून आलेल्या माणसाला कळेल असे वाक्य कसे लिहावे याची. ‘ब्लॅक ब्यूटी’ची भाषा इतकी सरळ आहे याचे कारण इथे आहे. ही साधी भाषा पाहून पुढच्या पिढ्यांनी ते मुलांचे पुस्तक ठरवले, पण ती मोतद्दारासाठी योजलेली होती.

१८७१ मध्ये तिने घोड्याची ही कहाणी लिहायला घेतली. त्या वेळी ती नॉरिचजवळच्या ओल्ड कॅटन या गावी राहत होती आणि तब्येत पार खालावलेली होती. कधी ती आईला मजकूर सांगे, कधी अंथरुणावर पडल्या पडल्या कागदाच्या तुकड्यांवर पेन्सिलीने लिही. आई त्या तुकड्यांची स्वच्छ प्रत करी. असे करत सहा वर्षे गेली. घोड्यांशी दयेने, सहानुभूतीने आणि समजून-उमजून वागावे एवढाच या पुस्तकाचा हेतू, असे तिने नोंदवून ठेवले आहे. तिच्या नजरेपुढचा वाचक तबेल्यातला होता : गाडीवान, मोतद्दार, टांगेवाला.

नॉरिचच्या जॅरोल्ड अँड सन्स या प्रकाशकांनी २४ नोव्हेंबर १८७७ रोजी पुस्तक प्रसिद्ध केले. ते आईचेही प्रकाशक होते. अ‍ॅनाने सगळे हक्क एकरकमी विकले, ४० पौंडांना. ते तिचे एकमेव पुस्तक. बरोबर पाच महिन्यांनी, २५ एप्रिल १८७८ रोजी, ती वारली. तिच्या अंत्ययात्रेची एक हकिकत चरित्रकार सांगतात. शवपेटी न्यायला आलेल्या गाडीचे घोडे मान वर ताणणारा लगाम घालून उभे होते. म्हाताऱ्या आईने खिडकीतून ते पाहिले, ती खाली आली आणि तिने ते लगाम काढायला लावले.

मान वर ताणणारा लगाम

हा लगाम म्हणजे काय, हे कळल्याशिवाय पुस्तक कळत नाही. नेहमीचा लगाम गाडीवानाच्या हातात असतो, त्याने घोडा वळतो, थांबतो. हा लगाम वेगळा. तो कडियाळ्यापासून, म्हणजे तोंडात बसणाऱ्या लोखंडी कडीपासून, निघून डोक्याच्या बाजूने वर जातो आणि पाठीवरच्या खोगिराच्या आकड्यात अडकवला जातो. तो जितका आखूड, तितकी घोड्याची मान वर. हाकण्यासाठी त्याचा काडीचा उपयोग नाही. श्रीमंतांच्या बग्गीला जुंपलेले घोडे ऐटदार दिसावेत एवढ्यासाठी तो घालत.

त्याची इजा समजायला फार विद्या लागत नाही. हमाल चढावर हातगाडी ओढताना काय करतो ते आठवावे. तो पुढे वाकतो, मान खाली घालतो, अंगाचा सगळा भार पुढे टाकतो. घोडाही तेच करतो. मान वर बांधलेली असली की त्याला भार पुढे टाकता येत नाही. मग सगळा ताण पाठीवर आणि मागच्या पायांवर येतो, श्वास कोंडतो, तोंड फाटते. कादंबरीत अर्लशॉलच्या वाड्यातली बाईसाहेब रोज एकेक भोक करत हा लगाम आखूड करायला लावते. शेवटी जिंजर नावाची तांबूस घोडी लाथा झाडते, आणि ‘खोडकर’ हा शिक्का तिच्यावर कायमचा बसतो.

स्यूएलच्या काळी हा चर्चेचा विषय होता. एडवर्ड फोर्डम फ्लॉवर यांनी कडियाळे आणि या लगामावर १८७५ मध्ये स्वतंत्र पुस्तिका काढली होती. प्राण्यांशी क्रौर्य रोखणारी संस्था इंग्लंडमध्ये १८२४ पासून काम करत होती, कायदा त्याही आधी, १८२२ मध्ये, झाला होता. माहिती होती, कायदाही होता. पण पुस्तिका वाचणारे घोडा हाकत नव्हते आणि हाकणारे पुस्तिका वाचत नव्हते. स्यूएलने ही दरी ओलांडली ती घोड्यालाच बोलायला लावून. पहिल्या आवृत्तीच्या नामपृष्ठावर तर हे पुस्तक मूळ अश्वभाषेतून अनुवादित असल्याचे म्हटले आहे. हा विनोद नुसत्या गमतीचा नाही. घोडा सांगतो आहे, म्हणून त्याला मालकाच्या ऐटीचे कौतुक नाही. कडियाळे तोंडात कसे लागते, उतारावर मागून गाडी कशी रेटते, नाल सैल झाला की काय होते, हेच त्याला माहीत.

त्यामुळे कादंबरीत माहिती ठासून भरलेली आहे. घामाघूम घोड्याला गार पाणी पाजून, अंगावर घोंगडे न टाकता सोडले तर तो आजारी पडतो, हे जो ग्रीन या पोराच्या चुकीतून कळते. नाल सैल असताना दारूच्या नशेत घोडा उधळवला तर गुडघे फुटतात, हे रूबेन स्मिथच्या मरणातून. चंदी चोरणारा नोकर असेल तर घोडा कसा उतरत जातो, ओल्या घाणीत उभा ठेवला तर खूर कसे सडतात, हे भाड्याच्या तबेल्यातल्या दिवसांतून. झापडे आणि शेपूट छाटण्याची फॅशन यांवर बागेत घोड्यांचा परिसंवादच भरतो. शेपूट छाटण्यावर ब्रिटनमध्ये कायद्याने बंदी आली ती १९४९ मध्ये, पुस्तकानंतर बहात्तर वर्षांनी.

एंजेलची स्वस्त आवृत्ती

पुस्तक लिहिले तबेल्यासाठी, पण ते तबेल्यापर्यंत पोचणार कसे? हा प्रश्न सोडवला तो अमेरिकेतल्या बॉस्टन शहराचे वकील जॉर्ज थॉर्नडाइक एंजेल यांनी.

फेब्रुवारी १८६८ मध्ये तिथे खराब रस्त्यावरून चाळीस मैलांची घोड्यांची शर्यत लावली गेली आणि दोन्ही घोडे धावून धावून मेले. एंजेल यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहिले आणि त्यातून मॅसॅच्युसेट्सची प्राणिक्रौर्यविरोधी संस्था उभी राहिली. त्याच वर्षी त्यांनी ‘अवर डम अ‍ॅनिमल्स’ हे मासिक सुरू केले. पहिल्या अंकाच्या दोन लाख प्रती छापल्या आणि बॉस्टनच्या पोलिसांकरवी घरोघर वाटल्या. चार चांगले लोक चार आणे देऊन वाचतील याची वाट पाहणारा हा माणूस नव्हता.

हॅरिएट बीचर स्टोव यांच्या ‘अंकल टॉम्स केबिन’ने १८५२ मध्ये गुलामगिरीविरुद्ध जे केले, ते घोड्यांसाठी करणारे पुस्तक एंजेल शोधत होते. ‘ब्लॅक ब्यूटी’ हाती आल्यावर १८९० मध्ये त्यांनी आपल्या अमेरिकन ह्यूमेन एज्युकेशन सोसायटीतर्फे ते छापले. मुखपृष्ठावर ‘घोड्यांचे अंकल टॉम्स केबिन’ अशी ओळख घातली. किंमत काही सेंट. गाडीवानांना, मोतद्दारांना, शाळकरी मुलांना प्रती वाटण्यासाठी देणग्या जमवल्या. दोनेक वर्षांत अमेरिकेत दहा लाख प्रती फिरू लागल्या.

या आवृत्तीसाठी एंजेल यांनी जॅरोल्ड अँड सन्सची परवानगी घेतली नव्हती, मानधनाचा तर प्रश्नच नव्हता. परदेशी लेखकांना हक्कांचे संरक्षण देणारा कायदा अमेरिकेत १८९१ मध्ये आला, म्हणजे एका वर्षाने चुकला. कायद्याने गुन्हा नव्हता, पण सरळ भाषेत ही चोरीच होती. लेखिका हयात नव्हती. असती तरी हक्क तिने विकलेच होते. बुडाला तो प्रकाशक.

या चोरीबद्दल माझे मत अजून ठरलेले नाही. लेखकाच्या कष्टाचे पैसे त्याला मिळालेच पाहिजेत, याबद्दल दुमत नाही. पण या पुस्तकाचा मूळ हेतू जर कोणी शब्दशः पाळला असेल, तर तो या चोराने. महाग आवृत्तीत हे पुस्तक दिवाणखान्यात राहिले असते. म्हणजे जी बाईसाहेब लगाम आखूड करायला सांगते तिच्या दिवाणखान्यात. काही सेंटला मिळाले, तेव्हा ते बग्गीच्या पुढच्या बाकावर बसणाऱ्या माणसाच्या खिशात गेले. इथे किंमत ही पुस्तकाच्या बाहेरची गोष्ट राहत नाही. ‘ब्लॅक ब्यूटी’ची कमी किंमत हा तिच्या आशयाचाच भाग आहे.

एंजेल यांनी स्वस्ताई कुठे साधली, तेही बघण्यासारखे आहे. कागद हलका, बांधणी साधी, नफा नाही, छपाई मोठ्या संख्येने. कथानकाला कात्री लावून त्यांनी किंमत उतरवली नाही.

एकोणचाळिसाव्या प्रकरणात काय आहे

आता त्या प्रकरणाकडे येऊ. तोवर ब्लॅक ब्यूटी बऱ्याच हातांतून फिरून लंडनला आलेला असतो. जेरी बार्कर नावाचा भला माणूस त्याला आपल्या भाड्याच्या घोडागाडीला जुंपतो. जेरीची गाडी स्वतःची, घोडे स्वतःचे. म्हणून तो रविवारी सुटी घेऊ शकतो. दारुडी पोरे जास्त पैशांचे आमिष दाखवून ‘पळव’ म्हणतात, तेव्हा त्यांना नाही म्हणू शकतो.

गाड्यांच्या अड्ड्यावर एक दिवस सॅम नावाचा कळकट, फाटका गाडीवान येतो. त्याचा घोडा पार मोडलेला असतो. बाकीचे गाडीवान आणि अड्ड्याचा म्होरक्या त्याला टोचून बोलतात. त्यावर सॅम हिशेब मांडतो. गाडी आणि दोन घोडे मालकाचे. हंगामात रोज अठरा शिलिंग मालकाला द्यायचे, म्हणजे प्रत्येक घोड्यामागे नऊ. ते सुटल्याशिवाय स्वतःसाठी एक पेनीही नाही. दिवसाचे चौदा-सोळा तास गाडीवर, कित्येक आठवड्यांत रविवारची सुटी नाही, घरी बायको-मुले. घोडा थकला तर चाबूक ओढायचा नाहीतर पोरे उपाशी ठेवायची. आपण वाईट करतो हे त्याला कळते, तो नाकारत नाही. पुढे थोड्याच दिवसांत अड्ड्यावर बातमी येते, सॅम गेला. त्याच्या जागी दुसरा गाडीवान येतो. गाडी तीच, मालकही तोच.

पुढचे, चाळिसावे प्रकरण जिंजरचे आहे. अर्लशॉलची ती तेजस्वी घोडी आता खोकणारा हाडांचा सापळा झाली आहे, तीही भाड्याच्या गाडीला. ब्यूटीला ती ओळख देते आणि सांगते की तिला भाड्याने घेणारा माणूस रोज मालकाला बरेच पैसे मोजतो, ते त्याला तिच्या अंगातून काढावे लागतात. काही दिवसांनी ब्यूटीला एका गाड्यावर मेलेला घोडा दिसतो. बहुधा जिंजरच.

या दोन प्रकरणांचा सांधा आता लक्षात येईल. स्यूएलने ती मुद्दाम पाठोपाठ ठेवली आहेत. आधी माणसाच्या तोंडून हिशेब, मग तोच हिशेब घोडीच्या तोंडून. एका साखळीचे हे दोन दुवे : मालक गाडीवानाला पिळतो, गाडीवान घोड्याला पिळतो, दोघेही मरतात. चाबूक एकाच्या हातात दिसतो, पण तो मारायला लावणारा हात तबेल्याच्या कचेरीत बसून रोजची वसुली मोजत असतो. म्हणूनच कादंबरीच्या शेवटी ब्यूटी निकोलस स्किनर या त्याच मालकाच्या तबेल्यात येतो आणि लुडगेट हिलच्या चढावर कोसळतो, तेव्हा वाचकाला ते अपघातासारखे वाटत नाही. हिशेब पूर्ण झाल्यासारखे वाटते.

चौसष्ट पानी प्रतीत चाळिसावे प्रकरण आहे, मोठ्या चित्रासह. एकोणचाळिसावे नाही. लुडगेट हिल आहे, पण स्किनर हा फक्त ‘एक दुष्ट माणूस’ आहे.

कात्री चालवणाऱ्याचे मन मी समजू शकतो. सॅम गोष्टीत एकदाच येतो. त्याच्या प्रकरणात धावपळ नाही, आग नाही, पूर नाही, घोडाही जवळजवळ नाही. चार गाडीवान बोलत उभे आहेत एवढेच. ‘कथानक पुढे जात नाही’ म्हणून ते सगळ्यांत आधी कापले जाते. पण ते गेल्यावर पुस्तकाचा अर्थच बदलतो. मूळ पुस्तक सांगते की क्रौर्य तीन तऱ्हांचे असते : अज्ञानाचे, ऐटीचे आणि पोटाचे. पहिल्यावर उपाय माहितीचा, दुसऱ्यावर लाजेचा, आणि तिसऱ्यावर? तिथे स्यूएल थांबते. तिच्याकडे तयार उत्तर नाही, पण प्रश्न मात्र ती झाकत नाही. संक्षिप्त पुस्तकात चांगली माणसे आणि वाईट माणसे एवढेच उरते. मुलांनी दयाळू व्हावे, संपले.

माझे लहानपण मिरजेत स्टेशनजवळच्या गल्लीत गेले. शेजारी टांगेवाल्यांची घरे होती. खराऱ्याचा आवाज आणि भिजवलेल्या हरभऱ्याचा वास ही आमच्या सकाळची खूण. दोन तऱ्हेचे टांगेवाले होते : स्वतःचे जनावर असलेले आणि संध्याकाळी मालकाला ठरलेली रक्कम देणारे. कोण कुठल्या तऱ्हेचा, हे आम्हा पोरांना विचारावे लागत नसे. घोड्याच्या बरगड्या बघितल्या की कळे. पण त्या वेळी आम्ही एवढेच म्हणत असू की हा चाचा चांगला आणि तो चाचा मारकुटा. मारकुट्या चाचाच्या घरी रात्री काय शिजते, ते आम्ही कधी पाहिले नाही. सॅमचे प्रकरण वाचताना चाळीस वर्षांनी तो माणूस मला पुन्हा दिसला, आणि त्याला आम्ही गल्लीतून मारलेल्या हाका आठवून शरम वाटली.

दोन प्रकारची स्वस्ताई

लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्याकडे पुस्तक हक्कमुक्त होते. ‘ब्लॅक ब्यूटी’ तर केव्हाच झाले आहे. त्याचा अर्थ, ते कोणीही छापू शकतो. त्याचा दुसरा अर्थ, ते कोणीही कापू शकतो. परवानगी मागायची नाही आणि जाब विचारणाराही कोणी नाही. अभिजात पुस्तके स्वस्तात मिळण्याचे मोठे कारण हे, आणि ती अर्धवट मिळण्याचे कारणही हेच.

हक्कमुक्त पुस्तकाला मानधनाचा खर्च नसतो. कागद हलका घेतला, टाइप बारीक ठेवला, चित्रे गाळली आणि प्रती भरपूर काढल्या की पूर्ण मजकूरही स्वस्तात देता येतो. ब्रिटनमधल्या वर्डस्वर्थ क्लासिक्सने १९९२ मध्ये अभिजात पुस्तकांच्या संपूर्ण आवृत्त्या एका पौंडाला विकून ते सिद्ध केले. ही एंजेल यांच्या वळणाची स्वस्ताई : कागदात काटकसर, मजकुरात नाही. दुसरी स्वस्ताई याच्या उलट : कागद चकचकीत, चित्रे रंगीत, मजकूर पाचवा हिस्सा. दुकानात दोन्ही शेजारी ठेवल्या तर पालकांचा हात साहजिकच दुसरीकडे जातो. माझाही गेला होता.

लहान मुलांना संक्षेप देऊ नयेत असे मी म्हणत नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाला साठ हजार शब्दांचे पुस्तक झेपणार नाही. पण संक्षेपावर ‘संक्षेप’ असे छापलेले असावे, आणि कात्री लावणाऱ्याने आधी पुस्तक पुरते वाचलेले असावे. ‘ब्लॅक ब्यूटी’तून शिकारीचे प्रकरण काढले तरी पुस्तक उभे राहते. सॅमला काढले तर त्याचा कणा जातो. सॅमचा हिशेब चार ओळींत बसतो, आणि रोजच्या भाड्याची रिक्षा ज्यांच्या घरापुढे उभी असते त्या मुलांना तो समजावूनही सांगावा लागणार नाही.

हा सगळा इंग्लंडचा जुना इतिहास आहे असे कोणाला वाटेल. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या हौशीच्या घोडागाड्या, आपल्या व्हिक्टोरिया, बेकायदा ठरवून वर्षभरात बंद करायला सांगितल्या. घोड्यांचे हाल हे त्यामागचे कारण होते आणि ते खरे होते. त्याच निकालात या धंद्यावर पोट असलेल्या कुटुंबांच्या पुनर्वसनाची योजना आखण्यासही सरकारला सांगितले होते. म्हणजे न्यायालयाला जिंजर दिसली आणि सॅमही दिसला. आपण मात्र त्या बातमीवर बोलताना दोन तट पाडले : एक घोड्यांच्या बाजूचा, एक गाडीवानांच्या बाजूचा. स्यूएलच्या पुस्तकात असे तट नाहीत. तिने दोघांना एकाच साखळीत बांधलेले दाखवले आहे.

आजही लग्नाच्या वरातीत घोडा येतो. जनावराला हाकण्यासाठी काटेरी कडियाळे वापरायला आपल्याकडे १९६५ च्या नियमांनी बंदी आहे. नवरदेवाचा फोटो काढताना घोड्याच्या तोंडाकडे एकदा पाहावे. आणि शक्य असल्यास, घोडा घेऊन आलेल्या माणसाला त्या रात्रीचे किती मिळणार आणि त्यातले मालकाला किती जाणार, हेही विचारावे.

विकत घेताना

दिवाळीत पुस्तके भेट देण्याची चांगली प्रथा आपल्याकडे आहे, म्हणून शेवटी व्यवहाराचे दोन शब्द. ‘ब्लॅक ब्यूटी’ची स्वस्त प्रत जरूर घ्यावी. महाग प्रतीची काही गरज नाही. हे पुस्तक स्वस्त असण्यासाठीच लिहिले गेले. घेताना अनुक्रमणिका उघडावी. चार भाग आणि एकोणपन्नास प्रकरणे असतील तर ते पुस्तक पूर्ण आहे. अनुक्रमणिका नसेल तर मधली पाने चाळावीत, जिंजर मरते ते पान शोधावे आणि त्याच्या आधीचे प्रकरण पाहावे. तिथे अठरा शिलिंगांचा हिशेब असला पाहिजे.

भाचीच्या मुलीला मी ती पिवळट प्रत दिली आहे. ती आता सातवीत आहे. चित्रे नाहीत म्हणून आधी कुरकुरली. एकोणचाळिसावे प्रकरण आम्ही दोघांनी मिळून वाचले, मी मराठीत सांगत आणि ती इंग्रजीत अडखळत. संपल्यावर तिने विचारले, “मग मालकाला कोणी काही म्हटलं नाही का, मामाआजोबा?” मी म्हटले, पुढे वाच. पुढे तरी कोणी काही म्हटलेले नाही, हे तिला आपसूक कळेल.